मराठी जोडाक्षरे तुटतात तेव्हा: पिलो आणि तिच्या सोबतिणी पॅकेज मॅनेजरने बसवायच्या की हाताने?

पायथनमधून प्रमाणपत्रे, आमंत्रणे किंवा फलक तयार करायचे म्हटले की बहुतेकांचा हात पिलो या लायब्ररीकडे जातो. पिप (पायथनची पॅकेजे इंटरनेटवरून आणून बसवणारे साधन) चालवले, लायब्ररी बसली, इंग्रजी नावे झकास छापली गेली. मग ‘विद्यार्थ्यांची’ हा शब्द दिला आणि चित्रात ऱ्हस्व वेलांटी व च्या उजवीकडे, द चा पाय मोडलेला, रफाराऐवजी उघडा र्! फॉन्ट बदलून पाहिला तरी तेच. एररही नाही.

दोष फॉन्टचा नसतो, पिलोचाही नसतो. पिलोसोबत लागणारी एक छोटी लायब्ररी मशीनवर नसते आणि ती पिप आणत नाही. पॅकेज मॅनेजर (पिपसारखे, सॉफ्टवेअर आणून बसवणारे आणि त्याची नोंद ठेवणारे साधन) विरुद्ध हाताने डाउनलोड हा वाद एरवी तात्त्विक वाटतो. या एका उदाहरणात मात्र त्याच्या सगळ्या बाजू दिसतात, म्हणून लेख याच उदाहरणावर चालवला आहे.

आधी एक सूचना. इथल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठी अक्षरे लागतात तिथे तसे सांगितले आहे. डॅश, टिंबे, तिरक्या रेघा आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवाव्यात.

कोण कोणावर उभे आहे

पिलो अक्षरांचे आकार फ्रीटाइपकडून घेते. फ्रीटाइपला एकेक आकार रंगवता येतो, पण क आणि ि शेजारी आले तर वेलांटी आधी काढायची असते हे तिला ठाऊक नसते. ते काम हार्फबझचे: जोडाक्षरे, रफार, वेलांट्यांची जागा. या दोघींना एकत्र राबवणारी लायब्ररी म्हणजे रक्म. लिखाण आणि आकडा असे दोन्ही अर्थ असलेला हा अरबी शब्द. आपली ‘रक्कम’ त्याच घरातली. रक्मला आणखी एक सोबतीण लागते ती फ्रिबिडी, म्हणजे उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या लिप्यांचा क्रम लावणारी. मराठीला तिची गरज नाही. पण रक्मला आहे, म्हणून ती नसली की मराठीही तुटते.

पिलोच्या ८.२.० या आवृत्तीपासून पिपने येणाऱ्या तयार फाइलमध्ये फ्रीटाइप, हार्फबझ आणि रक्म आतच बांधलेल्या असतात. फ्रिबिडी नसते. तिला एलजीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना आहे, आणि पिलो तिला आत न बांधता चालताना मशीनवर शोधते. सापडली तर रक्म चालू. नाही सापडली तर गुपचूप मूळ साधी मांडणी, आणि तीच ती तुटकी जोडाक्षरे.

यातली मेख अशी की प्रत्येक पॅकेज मॅनेजरला फक्त आपल्या हद्दीतले कळते. पिपला पायथनची पॅकेजे कळतात, उबुंटूच्या एपीटीला प्रणालीची. फ्रिबिडी या दोन हद्दींच्या मधल्या पट्टीत पडते, आणि विंडोजवर तर तिकडे कोणीच फिरकत नाही.

काहीही बसवण्याआधी तपासा

आहे त्या मशीनवर काय स्थिती आहे ते एका कमांडने कळते:

पायथन३ -एम पीआयएल

यात शेवटची तीन अक्षरे मोठी. विंडोजवर पायथन३ ऐवजी नुसते पायथन लिहावे. यादीत रक्मची ओळ शोधा. ओळीच्या सुरुवातीला तीन डॅश असतील आणि पुढे ओके, मग फ्रिबिडी व हार्फबझच्या आवृत्त्या दिसत असतील तर सगळे ठीक आहे. सुरुवातीला तीन फुल्या आणि शेवटी ‘नॉट इन्स्टॉल्ड’ असेल तर ती लायब्ररी सापडलेली नाही. पुढची प्रत्येक पायरी झाली की हीच कमांड पुन्हा चालवावी. ‘इन्स्टॉल झाले’ या संदेशाचा अर्थ फाइली जागेवर पोहोचल्या एवढाच. त्या वापरल्या जात आहेत की नाही हे त्यातून कळत नाही.

पिपने पिलो, पण स्वतंत्र खोलीत

उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून प्रणालीच्या पायथनमध्ये थेट पिप चालवले की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ अशी एरर येते. इंटरनेटवर त्यावर ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ हा पर्याय जोडण्याचा सल्ला सर्रास मिळतो. पर्यायाचे नावच इशारा आहे. प्रणालीची काही साधने त्याच पायथनवर चालतात. पिपने एखाद्या लायब्ररीची आवृत्ती बदलली तर एपीटीला त्याचा पत्ता लागत नाही आणि भलतेच काही बंद पडते. सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) लावून पिप चालवणे हा त्याच चुकीचा जुना अवतार.

योग्य मार्ग म्हणजे व्हेन्व्ह, प्रत्येक कामाची वेगळी खोली. उबुंटूवर:

सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व्ह
पायथन३ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह
सोर्स .व्हेन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट
पायथन -एम पिप इन्स्टॉल पिलो

पहिली ओळ गाळली तर दुसरीत ‘एन्शुअरपिप’ उपलब्ध नसल्याची तक्रार येते. विंडोजवर ‘पीवाय -३.१२ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह’ आणि मग .व्हेन्व्ह फोल्डरातल्या स्क्रिप्ट्समधले ॲक्टिव्हेट चालवायचे. पॉवरशेल स्क्रिप्ट चालवायला नकार देत असेल तर जुन्या कमांड प्रॉम्प्टमधून तेच करावे. तिथे ही अट नाही.

नुसते पिप न लिहिता ‘पायथन -एम पिप’ लिहायचे कारण साधे आहे. मशीनवर दोन-तीन पायथन असतात आणि नुसते पिप त्यांपैकी कोणाचे हे सांगता येत नाही. लायब्ररी बसवूनही ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’ येते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते: सामान एका पायथनच्या घरी उतरले आणि प्रोग्राम दुसऱ्याच्या घरी चालला. ‘पायथन -एम पिप --व्हर्जन’ विचारले की तो कोणत्या फोल्डरातला आहे ते कळते.

नावाचा घोळही इथेच निस्तरू. कोडमध्ये इम्पोर्ट पीआयएल (पीआयएल मोठ्या अक्षरांत) लिहितात, बसवताना मात्र पिलो म्हणायचे. पीआयएल ही मूळ लायब्ररी. तिची शेवटची आवृत्ती १.१.७, वर्ष २००९. पिलो हा तिचा पुढे वाढवलेला फाटा. असे दुहेरी नाव अनेकांचे आहे: सीव्ही२ साठी ओपनसीव्ही-पायथन, याम्लसाठी पायवायएएमएल, एसकेलर्नसाठी सायकिट-लर्न. इम्पोर्टमधले नाव डोळे मिटून पिपला देऊ नये. लोक चुकून काय टाइप करतात ते हेरून त्या नावाने घातक पॅकेजे चढवणारेही आहेत.

व्हील फाइल हाताने उतरवली तर

पिपने आणलेली फाइल ही व्हील प्रकारची, म्हणजे आधीच तयार केलेल्या भागांची झिप असते. कोणी ती पायपीआय या पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडाराच्या पानावरून ब्राउझरने उतरवून घेतो. त्यात गैर काही नाही, पण फाइलचे नाव वाचता आले पाहिजे. उदाहरणार्थ:

पिलो-११.०.०-सीपी३१२-सीपी३१२-विन_एएमडी६४

यात ११.०.० ही पिलोची आवृत्ती. सीपी३१२ म्हणजे ही फाइल पायथन ३.१२ साठीच आहे, ३.११ वर चालणार नाही आणि ३.१३ वरही नाही. शेवटचा भाग ६४ बिटी विंडोज. एएमडी वाचून इंटेलवाले दचकतात. ते ६४ बिटी रचनेचे रूढ नाव आहे, इंटेललाही तीच फाइल. लिनक्सच्या फाइलींवर मेनीलिनक्स_२_२८ असे काही असते: प्रणालीतली जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) किमान २.२८ हवी. आपली किती आहे ते ‘एलडीडी --व्हर्जन’ सांगते. अल्पाइन लिनक्समध्ये जीलिबसी नसून मसल असते, म्हणून तिथे मसललिनक्स नावाची फाइल लागते.

यातला एक भाग चुकला की पिप ‘नॉट अ सपोर्टेड व्हील ऑन धिस प्लॅटफॉर्म’ म्हणून हात वर करते. आपल्या पायथनला कोणते शिक्के चालतात याची यादी ‘पायथन -एम पिप डीबग --व्हर्बोज’ दाखवते. फाइलचे नाव बदलून तिला फसवू नका. नाव बदलले तरी आतला कोड तोच राहतो, आणि मग एरर बसवताना न येता इम्पोर्ट करताना येते, एवढाच फरक.

इंटरनेटवरून थेट बसवताना हे सगळे पिप स्वतः जुळवते. जुना पायथन असेल तर नवी आवृत्ती सोडून त्याला चालेल अशी जुनी निवडते आणि त्याबद्दल फार बोलतही नाही. म्हणून ‘एकच कमांड, तरी दोन मशीनवर वेगवेगळ्या आवृत्त्या’ हा प्रकार घडतो. त्याला उत्तर आवृत्ती बांधून घेणे: ‘पिलो==११.०.०’.

उबुंटूवर फ्रिबिडी: एक ओळ

सुडो एपीटी इन्स्टॉल लिबफ्रिबिडी०

शेवटी शून्य आहे, ओ नाही. डेस्कटॉप उबुंटूवर ही आधीपासूनच असते, कारण तिथल्या खिडक्यांमधला मजकूर मांडणाऱ्या पँगोलाही ती लागते. त्यामुळे लॅपटॉपवर मराठी सुरेख उमटते. तोच प्रोग्राम सर्व्हरवर किंवा डॉकरच्या (प्रोग्राम त्याच्या सामानासह बंद डब्यात चालवणाऱ्या साधनाच्या) स्लिम प्रतिमेत टाकला की अक्षरे तुटतात, कारण तिथे पडदाच नाही आणि मजकूर मांडणारे सामानही सहसा नसते. डॉकरफाइलमध्ये ही ओळ लिहून ठेवा. अल्पाइनवर ‘एपीके ॲड फ्रिबिडी’.

दुसरा मार्ग म्हणजे पिपला मध्येच न आणता सगळेच एपीटीकडून घेणे: ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-पीआयएल’, इथे सगळी अक्षरे लहान. ही पिलो प्रणालीची रक्म वापरते, त्यामुळे सोबतिणी आपोआप येतात. बदल्यात आवृत्ती जुनी असते, आणि नेहमीच्या व्हेन्व्हमधून ती दिसत नाही. एकाच मशीनवर एकच छोटी स्क्रिप्ट चालवायची असेल तर हा मार्ग सर्वांत कमी कटकटीचा. प्रकल्प चारचौघांत फिरणार असेल तर व्हेन्व्हच बरे.

विंडोज: इथे हाताने करावेच लागते

विंडोजवर फ्रिबिडीची डीएलएल (विंडोजवरची लायब्ररी फाइल) पिलोला मिळवून द्यावी लागते. ती फ्रिबिडी, फ्रिबिडी-० किंवा लिबफ्रिबिडी-० यांपैकी कोणत्याही नावाची चालते. शोध घेतला की ‘मोफत डीएलएल’ वाटणाऱ्या साइट पहिल्या येतात. तिकडे फिरकू नका. फाइल कोणी, कशातून, कधी तयार केली याचा तिथे ठिकाणा नसतो, आणि डीएलएल म्हणजे आपल्या प्रोग्रामच्या पोटात चालणारा परका कोड.

त्यापेक्षा ही फाइलही एखाद्या पॅकेज मॅनेजरकडूनच घ्यावी आणि हाताने फक्त तिची जागा बदलावी. एमएसवायएस२ (विंडोजवर पॅकमॅन हा पॅकेज मॅनेजर देणारा संच) बसवा, त्याचे यूसीआरटी६४ नावाचे टर्मिनल उघडा आणि लिहा:

पॅकमॅन -एस मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४-यूसीआरटी-एक्स८६_६४-फ्रिबिडी

इथे -एस मधला एस मोठा. फाइल सी ड्राइव्हवर एमएसवायएस६४ फोल्डरातल्या यूसीआरटी६४ च्या बिनमध्ये लिबफ्रिबिडी-० या नावाने मिळते. व्हिज्युअल स्टुडिओवाल्यांना व्हीसीपीकेजी जवळचे वाटेल. तिथून येणाऱ्या फाइलचे नाव फ्रिबिडी-० असते.

आता ती ठेवायची कुठे? विंडोज डीएलएल शोधते ते चालू प्रोग्रामच्या फोल्डरात, प्रणालीच्या फोल्डरात, चालू फोल्डरात आणि मग पाथ या प्रणालीच्या यादीमध्ये नोंदलेल्या फोल्डरांत. व्हेन्व्हच्या स्क्रिप्ट्स फोल्डरात ठेवली तर प्रकल्पापुरती राहते, म्हणून ती जागा उत्तम. पण एक खाच आहे: विंडोजवर व्हेन्व्हमधला पायथन हा निव्वळ दारवान असतो, तो मूळ पायथनला उठवतो. त्यामुळे ‘चालू प्रोग्रामचा फोल्डर’ हा मूळ पायथनचा धरला जातो. स्क्रिप्ट्समधली डीएलएल सापडते ती ॲक्टिव्हेट करताना तो फोल्डर पाथमध्ये जातो म्हणून. ॲक्टिव्हेट न करता, टास्क शेड्यूलरमधून थेट पायथनचा पूर्ण पत्ता देऊन स्क्रिप्ट चालवली की डीएलएल गायब आणि रात्री छापलेली प्रमाणपत्रे तुटकी. शेड्यूलरला एक बॅच फाइल द्यावी, जिच्यात आधी ॲक्टिव्हेट आणि मग स्क्रिप्ट असेल.

आणखी दोन चुका नेहमीच्या. एक, ३२ बिटी पायथनला ६४ बिटी डीएलएल देणे; ती मुकाट्याने नाकारली जाते. दोन, कॉपी करण्याचा कंटाळा म्हणून एमएसवायएसचा अख्खा बिन फोल्डर पाथमध्ये घालणे. त्या फोल्डरात इतर असंख्य डीएलएल असतात, कधी स्वतःचा पायथनही, आणि मग तुमचे दुसरेच सॉफ्टवेअर भलतीच झेडलिब उचलते. सिस्टम३२ मध्ये तर काहीच टाकू नका. सहा महिन्यांनी ती फाइल कुणी आणि का टाकली हे सांगायला कोणी नसते.

डीएलएल ठेवली की त्याच फोल्डरात चार ओळींची मजकूर फाइल ठेवा: नाव, आवृत्ती, कुठून घेतली, कोणत्या तारखेला, आणि एसएचए२५६ ठसा (फाइलवरून काढलेली, फाइल जराही बदलली की बदलणारी खूण). ठसा काढायला ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’, मग फाइलचे नाव आणि मोठ्या अक्षरांत एसएचए२५६. पॅकेज मॅनेजर आपल्या वहीत जे लिहून ठेवतो तेच आपण हाताने लिहायचे.

सोर्समधून बांधण्याची वेळ आली तर

वितरणातली रक्म जुनी आहे, नवीच हवी, किंवा मशीनसाठी तयार व्हील नाही, अशा वेळी सोर्स उतरवून बांधावे लागते. आधी अवजारे:

सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-एसेन्शियल मेसॉन निन्जा-बिल्ड पीकेजी-कॉन्फिग लिबफ्रीटाइप-डेव्ह लिबहार्फबझ-डेव्ह लिबफ्रिबिडी-डेव्ह

डेव्ह नावाची पॅकेजे का लागतात? साध्या पॅकेजात चालवण्यापुरती लायब्ररी असते, बांधताना लागणाऱ्या हेडर फाइली डेव्हमध्ये असतात. ‘पायथन.एच सापडत नाही’ म्हणजे पायथन३-डेव्ह हवे. पिलो बांधताना जेपेग किंवा झेडलिबची हेडर नाहीत अशी तक्रार आली तर लिबजेपेग-डेव्ह आणि झेडलिब१जी-डेव्ह हवे. विंडोजवरची या कुळातली एरर म्हणजे ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा पुढचे हवे’. तिचा खरा अर्थ असा की पिपला तुमच्यासाठी तयार व्हील मिळाली नाही आणि ती सोर्स बांधू पाहते आहे. कंपायलर बसवण्याआधी पायथनची आवृत्ती तपासा. ती फार नवी किंवा फार जुनी असते, आणि पायथन बदलला की काही जीबींचे डाउनलोड वाचते.

रक्म ०.१०.१ ची सोर्स फाइल उलगडून तिच्या फोल्डरात गेल्यावर:

मेसॉन सेटअप बिल्ड --प्रीफिक्स=/ऑप्ट/रक्म-०.१०.१
निन्जा -सी बिल्ड
निन्जा -सी बिल्ड टेस्ट
सुडो निन्जा -सी बिल्ड इन्स्टॉल

निन्जापुढचा सी मोठा. प्रीफिक्स हा या सगळ्यातला कळीचा शब्द. तो दिला नाही तर फाइली यूएसआर/लोकल मध्ये विखुरतात. मग काढायचे झाले तर कोणत्या फाइली कोणाच्या हे शोधत बसा; एपीटीच्या वहीत त्यांची नोंद नसते, ‘डीपीकेजी -एस’ ला (हा एस मोठा) विचारले तर काही सापडले नाही म्हणते. प्रीफिक्स दिला असेल तर एक फोल्डर पुसला की काम संपले.

यूएसआर/लोकलचा दुसरा धोका उशिरा कळतो. लिंकर (प्रोग्रामला लायब्ररी जोडून देणारा) तिथली प्रत आधी उचलतो. वर्षभराने त्या लायब्ररीत सुरक्षेची चूक सापडते, एपीटी आपली प्रत दुरुस्त करते, आणि तुमचे प्रोग्राम मात्र हाताने बसवलेली जुनीच वापरत राहतात. अद्ययावत केल्याचे समाधान आणि भोक उघडेच.

ऑप्टमध्ये बसवलेली लायब्ररी लिंकरला आपण होऊन दिसत नाही. ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ ही एरर म्हणजे तेच. ईटीसीमधल्या एलडी.एसओ.कॉन्फ.डी फोल्डरात रक्म.कॉन्फ नावाची फाइल करून तिच्यात एकच ओळ लिहा: /ऑप्ट/रक्म-०.१०.१/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू. मग ‘सुडो एलडीकॉन्फिग’, आणि ‘एलडीकॉन्फिग -पी | ग्रेप रक्म’ ने खात्री. शेवटी पिलो बांधताना पीकेजी_कॉन्फिग_पाथ या चलात, नाव मोठ्या अक्षरांत, त्याच फोल्डराच्या आतला पीकेजीकॉन्फिग फोल्डर द्यावा आणि:

पायथन -एम पिप इन्स्टॉल --फोर्स-रीइन्स्टॉल --नो-कॅश-डिर --नो-बायनरी पिलो -सी रक्म=एनेबल पिलो

हाही सी मोठा. त्यापुढचे ‘एनेबल’ महत्त्वाचे: रक्म सापडली नाही तर बांधणी थांबते. ते नसते तर पिलो रक्मशिवायच बांधली जाते आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर. नो-कॅश नसेल तर पिप आधी बांधून ठेवलेली प्रत काढून देते आणि बदल का लागू होत नाही म्हणून दुपार जाते.

ठसा जुळला म्हणजे काय सिद्ध झाले

हाताने उतरवलेल्या फाइलचा एसएचए२५६ ठसा प्रकल्पाच्या पानावरच्या ठशाशी ताडून पाहावाच. लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’ आणि फाइलचे नाव. मात्र त्याने वाटेत फाइल बदलली नाही एवढेच सिद्ध होते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या संचाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये लपवलेला चोरदरवाजा उघड केला. त्याला जागे करणारी बांधणीची फाइल सोर्सच्या उघड्या गिट भांडारात नव्हतीच. ती फक्त प्रकाशित टारफाइलमध्ये घातलेली होती. म्हणजे अधिकृत जागेवरून, अधिकृत फाइल, हाताने उतरवणाऱ्याच्याच हाती ती पडली असती. काही वितरणांच्या चाचणी शाखांमध्ये पॅकेज मॅनेजरमार्फतही ती पोहोचली होती. फरक पडला तो नंतर: मॅनेजरवाल्यांना एका अपडेटमध्ये मागे येता आले.

पॅकेज मॅनेजर सोवळा आहे असे नाही. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीची नाइटली (रोज रात्री बनणारी चाचणीची) आवृत्ती लिनक्सवर पिपने बसवणाऱ्यांना टॉर्चट्रायटन नावाचे घातक पॅकेज मिळाले. खरे पॅकेज पायटॉर्चच्या स्वतःच्या भांडारात होते, कोणीतरी त्याच नावाचे पायपीआयवर चढवले आणि पिपने ते उचलले. धडा थेट आहे: ‘एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल’ दिला तर पिप सगळी भांडारे एका रांगेत धरते, कोणते आपले हे तिला कळत नाही. कार्यालयाचे खासगी भांडार असेल तर ‘इंडेक्स-यूआरएल’ ने तेवढे एकच द्यावे. शिवाय सोर्स पॅकेज बसवताना त्यातला कोड तिथल्या तिथे चालतो, व्हील नुसती उलगडली जाते; म्हणून शक्य तिथे ‘--ओन्ली-बायनरी=:ऑल:’.

इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेत

महाविद्यालयाची लॅब, बाहेरचे नेट बंद असलेले कार्यालय: इथे लोक एकेक फाइल पेनड्राइव्हवर नेतात, तिकडे गेल्यावर कळते की हिला आणखी एक लागते, मग परत फेरी. त्याऐवजी नेट असलेल्या मशीनवर पिपलाच शिधा बांधायला सांगा:

पायथन -एम पिप डाउनलोड -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी -डी शिदोरी --ओन्ली-बायनरी=:ऑल:

‘शिदोरी’ हे फोल्डरचे नाव, हवे ते ठेवा. दोन्ही मशीनची जात वेगळी असेल तर ‘--प्लॅटफॉर्म विन_एएमडी६४ --पायथन-व्हर्जन ३.१२’ जोडा. लॅबमध्ये:

पायथन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स=शिदोरी -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

नो-इंडेक्समुळे पिप बाहेर डोकावत नाही. फ्रिबिडीसाठी ‘एपीटी-गेट डाउनलोड लिबफ्रिबिडी०’ ने डेब फाइल मिळते. ही कमांड त्या एका पॅकेजपुरती चालते, त्याच्या डिपेंडन्सी आणत नाही. फ्रिबिडीला जीलिबसीखेरीज काही लागत नसल्याने इथे निभावते. बसवताना ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ./’ आणि लगेच फाइलचे नाव. टिंब आणि रेघ विसरलात तर एपीटी त्या नावाचे पॅकेज भांडारात शोधते. डीपीकेजी -आय नेही बसते, पण काही कमी पडले तर अर्धवट अवस्थेत सोडते.

‘पायथन -एम पिप फ्रीझ’ ने रिक्वायरमेंट्सची यादी बनते, पण तीत फक्त पिपचे सामान येते. लिबफ्रिबिडी०, विंडोजची डीएलएल, फॉन्ट यांचा उल्लेख नसतो. ही तीन नावे रीडमीमध्ये वेगळी लिहा. फॉन्टही हाताने उतरवण्यापेक्षा ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हे पॅकेज घेतले तर त्याचा पत्ता प्रत्येक उबुंटूवर ठरलेला मिळतो.

तुटके छापण्यापेक्षा थांबू द्या

सगळे नीट बसले तरी उद्या नवा सर्व्हर येईल आणि लिबफ्रिबिडीची ओळ कोणीतरी विसरेल. पिलो तेव्हाही एरर देऊन थांबणार नाही. रक्मची मांडणी स्पष्ट मागितली तरी ती नसल्यास साध्या मांडणीवर उतरते. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला पीआयएलमधून फीचर्स इम्पोर्ट करून फीचर्स.चेक ला ‘रक्म’ विचारा, आणि उत्तर फॉल्स आले तर तिथेच बाहेर पडा.

याहून सोपी युक्ती मजकूर काढतानाच आहे. ड्रॉ.टेक्स्टला लँग्वेज या नावाने ‘एमआर’ द्या. रक्म नसेल तर पिलो लगेच की-एरर देऊन थांबते. आणि असेल, शिवाय फॉन्टमध्ये मराठीची रूपे दिलेली असतील, तर हिंदी वळणाऐवजी आपला पाकळीचा ल आणि देठाचा श उमटतो.